डावा पाय आधी

अ‍ॅशबर्न, १२ जानेवारी २०२५

चि. नैना,

माझा फोन तू ब्लॉक केलास, ईमेलला उत्तर देत नाहीस, म्हणून कागद घेतला. पोस्टमनला अजून कोणी ब्लॉक करू शकत नाही. आईने तुला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून बाराखडी घोटून घेतली होती, त्यामुळे हळूहळू का होईना, वाचशील. माझं अक्षर तुझ्यासारखं मुंग्यांचे पाय नाही.

तब्येत बरी आहे. आठवडाभर दारात बर्फ साचलाय. घरामागच्या डेटा सेंटरची घरघर चालूच असते. आई होती तोवर मला ती ऐकू येत नव्हती, आता दिवसभर येते.

कामाचं लिहितो. चौथी वही सापडली नाही. गॅरेजमधली सगळी खोकी उपसली, तुझ्या खोलीतला पलंग सरकवला, बेसमेंटमध्ये तुझी शाळेतली प्रोजेक्टंसुद्धा सापडली, पण वही नाही. आईचं कपाट मी उघडत नाही, ते तुला माहीत आहे. तिथे असण्याचं काही कारणही नाही.

चौकशी कमिटीचं पत्र मलाही आलं. मला सगळं क्रमाने मांडायची सवय, तेव्हा मांडतो. २०२२च्या मोसमात तू त्या बेटावर निवडुंगावरचे एक्केचाळीस फिंच जिवंत दाखवलेस. गेल्या वर्षी दुसरी टीम गेली, तेव्हा त्यांना हिशेब जुळेना. आता कमिटी म्हणते, त्यातले अठरा पक्षी तू मनाने घातलेस. फाइल त्यांच्याकडे आहे, पहिल्या तीन वह्या आहेत, फक्त चौथी नाही. ती मिळाली तर चूक टाइप करताना झाली की तू बेटावरच खोटं लिहिलंस ते ठरेल. नाही मिळाली तर तू खोटारडी ठरशील.

मी त्यांना सरळ कळवलं आहे की टायपिंग मी केलं. वाचून आईने दाखवलं आणि तपासलंही आईनेच. तपासणीच्या कागदावर तिची सही आहे. किमोच्या औषधांनी तिला गुंगी असायची. एखादी ओळ इकडची तिकडे झाली असेल. गेलेल्या माणसाला काय दोष द्यायचा?

तू नर्सरीत निवडुंग विकतेस असं कुशकडून कळलं. टूसॉनला उन्हाळ्यात फार तापतं म्हणतात. टोपी घालत जा.

बाबा

अ‍ॅशबर्न, २ फेब्रुवारी २०२५

चि. नैना,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही काही कमी हट्टी नाही, तू कोणावर गेलीस ते सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या उन्हाळ्यात काय झालं ते तुला नीट माहीत नसावं, कारण तू बोटीतून उतरलीस आणि वह्यांचे फोटोसुद्धा न काढता त्या थेट आमच्याकडे कुरियर केल्यास. नियमात बसत नव्हतं ते. कच्च्या वह्या टीमबाहेर द्यायच्या नसतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की आई तुला फोनवर म्हणाली होती, "नैना, मला काहीतरी काम दे गं. नुसतं पडून पडून मी आजारीच होईन." आणि तू हसलीस, आणि दिलंस. ते तू आईसाठी केलंस, हे मी कमिटीला लिहिलेलं नाही. लिहू का?

दुपारी जेवणं झाली की आम्ही बसायचो. ती खिडकीपाशी आरामखुर्चीत, गुडघ्यावर शाल, डोक्याला तिचा तो निळा रुमाल. मी टेबलावर लॅपटॉप घेऊन. ती वाचायची, मी टाइप करायचो. पक्ष्यांच्या प्रत्येक पायात दोन-दोन रंगीत कड्या, रंगांच्या क्रमावरून पक्षी ओळखायचा. तू त्यांना बँड म्हणतेस, आई वाळे म्हणायची. "ह्या बाळाच्या डाव्या पायात लाल वाळा, खाली काळा. उजव्या पायात हिरवा, खाली पांढरा." तुझ्या बारशाला घातलेल्या वाळ्यांबद्दल मग दहा मिनिटं बोलायची. मी म्हणायचो, पुढची ओळ.

तिला तो पक्षी आवडला होता. फड्या निवडुंगात राहतो, त्यातच घरटं करतो, पाऊस नसला की त्याच्याच गरावर जगतो. तिच्या माहेरी, अकोल्याकडे, शेताच्या बांधावर फड्या असायचा. त्याची लाल बोंडं खाऊन जीभ रंगवून घरी गेलं की मार मिळायचा, ही गोष्ट मी तीस वर्षांत शंभर वेळा ऐकली असेल. एकदा वहीत तुझी टीप आली, की पराग चटकन मिळावेत म्हणून हा पक्षी न उमललेलं फूल फोडतो आणि मधली दांडी तोडून टाकतो. मग त्या फुलाला फळ धरत नाही, आणि पुढे दुष्काळात त्यालाच खायला काही उरत नाही. आईने वही मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "घाई अंगाशी येते हो बिचाऱ्याच्या." मी म्हणालो, पुढची ओळ.

तीन वह्या झाल्या. मग ऑगस्टमध्ये ती अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होती. त्या अकरा दिवसांत मी रिकामा बसलो नाही, माहिती भरायचा तुझा फॉर्म सुधारला. तुझा फॉर्म गचाळ होता, राग मानू नकोस. मी तीस वर्षं डेटाबेस सांभाळले, मला तो बघवत नव्हता. रकाने नीट लावले, चुकीचा रंग टाकला तर मशीन ओरडेल असं केलं. तू कधी धन्यवाद दिले नाहीस, पण काम चोख होतं.

तेव्हा चूक झाली असेल तर ती वाचण्यात झाली असणार.

बाबा

अ‍ॅशबर्न, १९ फेब्रुवारी २०२५

नैना,

तुझं पाकीट आलं. दोन वर्षांनी मुलीचं पाकीट येतं, माणूस काय काय आशेने उघडतो! आत पत्र नाही, चार शब्द नाहीत. तपासणीच्या कागदाची झेरॉक्स, आणि आईच्या सहीखालच्या तारखेभोवती लाल गोल. दोन ऑक्टोबर.

कळलं मला तुला काय म्हणायचंय ते. तू तीस सप्टेंबरला पोचलीस. तुझ्या आधी एक दिवस तिची शुद्ध हरपली होती. तू सहा तारखेपर्यंत, ती जाईपर्यंत, तिचा हात धरून बसलीस आणि तो हात एकदाही हलला नाही. मग दोन तारखेला तिने सही कशी केली?

तारीख चुकली असेल. बावीस लिहायचं ते दोन लिहिलं. सप्टेंबरचं ऑक्टोबर झालं. घरात काय चाललं होतं तेव्हा, जरा आठव. तुझ्या रिपोर्टची मुदत तीन तारखेला संपत होती, तुझी प्रोफेसर रोज ईमेल करत होती, आणि तू म्हणालीस, "बाबा, आय कान्ट थिंक अबाउट इट, जस्ट सेंड इट." मी पाठवलं. कोणीतरी पाठवायलाच हवं होतं.

बापाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतेस? तू इथल्या घरात पहिल्यांदा चालायला लागलीस तेव्हा उंबरठ्यावर मीच तुझं बोट धरलं होतं. उजवा पाय आधी, म्हणून. युनिव्हर्सिटीच्या अपार्टमेंटची किल्ली मिळाली तेव्हा तू सुटकेस घेऊन धाडकन आत शिरणार होतीस, मी तुला मागे ओढलं. "बाबा, सिरियसली?" म्हणालीस, आणि तरी उजवा पाय आत टाकलास. आपल्या घरात सगळं उजव्यापासून सुरू होतं. आईनेच लावलेली रीत आहे ही.

हे मी कशाला लिहितोय, माहीत नाही. आज थांबतो.

बाबा

अ‍ॅशबर्न, ९ मार्च २०२५

चि. नैना,

काल दुपारी कुशचा फोन आला. तुझ्याबरोबर बेटावर चार मोसम काढलेला मुलगा, नागपूरचा, मला वाटायचं जावई होईल. ते असो. तो नुकताच बेटावरून परत आलाय. आधी दोन मिनिटं माझी तब्येत, बर्फ, असलंच बोलत राहिला. मग म्हणाला, "काका, फायनल काउंट झाला. सहा."

मी विचारलं, सहा जोड्या?

"नाही काका. सहा पक्षी. आणि यार... सॉरी, काका... सहाही मेल आहेत. फीमेल एक पण नाही मिळाली. पाच आठवडे आम्ही प्रत्येक निवडुंग चेक केला. ते सहा जण रोज सकाळी निवडुंगाच्या टोकावर बसून गातात. घरटी पण बांधून ठेवलीत त्यांनी. रिकामी."

मी मूर्खासारखं विचारलं, दुसऱ्या कुठल्या बेटावरून मादी आणता येणार नाही का? तो म्हणाला, "ही जात दुसऱ्या कुठल्याच बेटावर नाही, काका. नैनाने सांगितलं नव्हतं का?"

सांगितलं होतंस. आई वाचत होती त्या वहीच्या पहिल्याच पानावर होतं.

मग त्याने मला ते सांगितलं, जे तू मला कधी सांगितलं नाहीस. तिथे ठरलं होतं म्हणे, की आकडा तिसाच्या खाली गेला की सहा जोड्या पकडून पिंजऱ्यात वाढवायच्या आणि बाकीच्यांसाठी पाण्याची, दाण्याची सोय करायची. बोट ठरली होती, पिंजरे तयार होते. तुझ्या फाइलमध्ये एक्केचाळीस आले, म्हणून सगळं पुढे ढकललं. त्यानंतर दोन वर्षं तिथे पाऊस नाही. खरा आकडा तेवीस होता. तेवीस असते तर त्याच महिन्यात बोट निघाली असती.

"नैना म्हणते मी फेक नाही केलं, आणि आय बिलीव्ह हर," कुश म्हणाला. "पण वही नाही तर प्रूफ नाही. कमिटी अठ्ठावीस मार्चला डिसिजन देणार. मिळाली तर ॲटलीस्ट ती लायर तरी नाही ठरणार. काका, तुम्ही प्लीज परत एकदा शोधा ना."

मी म्हणालो, शोधतो.

नैना, चूक कशी झाली ते मला माहीत आहे. आधीपासून माहीत आहे. माझ्या सुधारित फॉर्ममध्ये मी उजव्या पायाचा रकाना आधी ठेवला. मुद्दाम नाही. रकाने मांडायला बसलो आणि हात आपोआप उजव्यापासून सुरू झाला, तुझ्या वहीत डावा आधी असतो हे मनातही आलं नाही. आई वहीबरहुकूम वाचत गेली, लाल काळा, हिरवा पांढरा, आणि मी पहिल्या रकान्यापासून भरत गेलो. डाव्या पायातले वाळे उजव्या पायात गेले. तीन वह्या सुलट, चौथी उलट. आणि कितीतरी जुन्या, मेलेल्या पक्ष्यांचे रंग नेमके तसेच उलटे होते. तिसऱ्या वहीत दिसलेला पक्षी चौथ्या वहीत दुसराच होऊन आला, मेलेला जिवंत झाला. असे अठरा. मशीन ओरडलं नाही, कारण रंग सगळे बरोबर होते.

तू काही मनाने घातलं नाहीस. आईने काही चुकीचं वाचलं नाही. माझ्या पहिल्या पत्रातलं तिच्या गुंगीचं वाक्य खोडून टाक.

हे मी कमिटीला लिहीन. वहीचं बघतो.

बाबा

अ‍ॅशबर्न, २३ मार्च २०२५

नैना,

या पत्राबरोबर चौथी वही आहे. उद्या सकाळी पोस्ट उघडलं की स्वतः जाऊन पाठवीन, दोन दिवसांत पोचेल. पानापानाचे फोटो काढून आजच कमिटीला पाठवले, सोबत माझा जबाब, सहीनिशी. कुशला कळवलं. तो "थँक्स काका," एवढंच म्हणाला. तोही मनात काय समजायचं ते समजला असणार.

वही हरवली नव्हती. नोव्हेंबरमध्ये कमिटीचं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मला सापडली. आईचं कपाट मी उघडत नाही असं लिहिलं होतं ना? सगळ्यात आधी तेच उघडलं होतं. तिच्या जांभळ्या इरकलीच्या घडीत होती. मी ठेवलेली नव्हती. तिनेच ठेवली होती, तुझ्यासाठी.

उभ्या उभ्या चाळली आणि परत घडीत ठेवून दिली. चार महिने तिथे होती. त्या चार महिन्यांत तुझा पगार थांबला, ऑफिसची किल्ली गेली, तू कुंड्या उचलायला लागलीस. मी तुला आणि कमिटीला लिहीत होतो की गॅरेज उपसलं. गॅरेज खरंच उपसलं, नैना. वही कुठे आहे हे माहीत असताना तीन दिवस गॅरेज उपसलं, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर शोधलं असं खरं सांगता यावं. तुझा बाप असा माणूस आहे.

का ठेवली लपवून, ते वही उघडलीस की कळेल. चौथ्या वहीत आईने समासात पेन्सिलीने बारीक लिहिलंय. माझी पाठ तिच्याकडे असायची, मला कधी दिसलं नाही.

चौदाव्या पानावर: "नवीन फॉर्मात उजवा आधी दिसतो. मी डावा आधी वाचतेय. ह्यांना सांगितलं."

मला आठवतं ते. ती म्हणाली, "अहो, नैना डावा आधी लिहिते. तुमच्या स्क्रीनवर उलटं चाललंय का?" मी वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणालो, "फॉर्म मी केलाय. तू फक्त वाच."

बाविसाव्या पानावर: "पुन्हा सांगितलं. चिडले."

हो, चिडलो. म्हणालो, गुंगीत तुला डावं-उजवं कळेनासं झालंय. थोड्या वेळाने तिने पुढची ओळ वाचली. आवाज नेहमीचाच होता, म्हणून मला वाटलं विसरली.

एकतिसाव्या पानावर: "नैनाचा फोन आला होता. हे शेजारी बसलेले. मी नाही बोलले."

तपासणी झालीच नाही. वाचणाऱ्याने टाइप केलेलं परत वाचायचं, आणि टाइप करणाऱ्याने वहीत बघायचं, एवढंच करायचं होतं. आयुष्यभर ऑफिसात पोरांच्या डोक्यावर बसून मी हे करून घेतलं. इथे केलं असतं तर पहिल्याच ओळीला सापडलं असतं, आणि ती बरोबर निघाली असती. दोन ऑक्टोबरला, तू तिच्या खोलीत तिचा हात धरून बसली होतीस, मी हॉस्पिसच्या कँटीनमध्ये बसून तिची सही केली. तिच्या नावातल्या 'प'ची वेलांटी ती वर ओढायची तशी मीही ओढली. छान जमली. तेव्हा मला त्याचं काहीही वाटलं नाही, कागद पुरा झाला एवढंच वाटलं. ती गेल्यावर दोन वर्षांनी त्याच सहीच्या आड मी लपलो.

मला वाटत होतं, तू मुलगी आहेस, लहान आहेस, सावरशील. आणि ती तर गेलेली, तिला काय लागणार. माझं मात्र एवढंच उरलं होतं, की शशिकांतचं काम चोख. ते मला सोडवेना. पाकिटातल्या लाल गोलानेही सुटलं नाही. सुटलं ते कुश म्हणाला, घरटी बांधून ठेवलीत, रिकामी, तेव्हा. आणि तेव्हाही मी दोन आठवडे घेतले.

त्या सहा पक्ष्यांचं आता कोणी काही करू शकत नाही, हे मला कळतं. या वहीने त्यांना काही मिळणार नाही. तुला कदाचित तुझं नाव परत मिळेल, नोकरी मिळेलच असं नाही. वह्या घरी पाठवल्या हा ठपका राहीलच. त्या का पाठवल्यास हे मी जबाबात लिहिलंय, तुला न विचारता.

शेवटच्या पानावर तिने तुला लिहिलंय. अक्षर फार हललेलं आहे, पेन्सिल पुसट झाली आहे, तुला लागेल की नाही कोण जाणे. म्हणून इथे उतरवून देतो. दोनदा ताडून बघितलंय.

"नैना, ह्या वहीत डावं-उजवं बदलून घे बाळा. बाबांना काही बोलू नकोस, त्यांनी मन लावून केलंय."

पहिलं वाक्य ऐक तिचं. दुसरं ऐकू नकोस.

शशिकांत